चोसन घेऊन पहिल्यांदा खेळताना: आयर्न एजपर्यंत तगण्याची वाट

'एज ऑफ एम्पायर्स' या संगणकावरच्या युद्धगेममध्ये एक व्हिलेजर, म्हणजे साधा कामकरी, बनवायला ५० अन्न लागतं आणि त्याला २५ हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद) असतात. चोसन या गेममधल्या कोरियन संस्कृतीचा एक लीजन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा तलवारवाला, ३५ अन्न आणि १५ सोन्यात तयार होतो, म्हणजे बेरीज तीच ५०, आणि त्याला २४० हिट पॉइंट असतात. बाकी सगळ्यांचा लीजन १६०वर थांबतो. चोसन का निवडायची, असं कुणी विचारलं की मी एवढाच हिशोब सांगतो.

अडचण अशी की गेममध्ये स्टोन, टूल, ब्राँझ आणि आयर्न असे चार काळ (एज) ओलांडायचे असतात, हा लीजन अगदी शेवटी, आयर्न एजमध्ये मिळतो, आणि तोपर्यंत चोसनच्या हातात धावून जाऊन मारता येईल असं फारसं काही नसतं. नवे खेळाडू दहाव्या मिनिटाला हल्ला करायला निघतात, हरतात आणि 'ही सिव्ह (संस्कृती) कमजोर आहे' म्हणून सोडून देतात. त्यामुळे या लेखातली प्रत्येक पायरी एकाच प्रश्नाभोवती फिरते: खिशात सोनं ठेवून आयर्न एजपर्यंत जिवंत कसं पोचायचं.

इथले आकडे १९९७चा मूळ गेम आणि १९९८मध्ये आलेलं 'राइज ऑफ रोम' हे एक्स्पान्शन यांचे आहेत. २०१८ची 'डेफिनिटिव्ह एडिशन' आणि २०२३मध्ये 'एज ऑफ एम्पायर्स २'साठी आलेलं 'रिटर्न ऑफ रोम' यांत काही आकडे बदलले आहेत. तुम्ही ती आवृत्ती खेळत असाल तर सामना सुरू करण्यापूर्वी टेक ट्री (शोध आणि अपग्रेडचा तक्ता) उघडून एकदा पडताळून घ्या. खेळण्याची रीत मात्र बहुतांशी तीच राहते.

पायरी १ : आपल्याला काय मिळालंय ते नीट बघा

चोसनला तीन सवलती आहेत. प्रीस्ट, म्हणजे शत्रूची माणसं आपल्याकडे वळवणारा पुजारी, ३२ टक्के स्वस्त, म्हणजे १२५ऐवजी ८५ सोन्यात. लाँग स्वोर्ड्समन (लीजनच्या आधीच्या पायरीवरचा तलवारवाला) आणि लीजन यांना ८० हिट पॉइंट जास्त. आणि टॉवरचा पल्ला दोन घरांनी जास्त (पल्ला मोजताना घर म्हणजे नकाशावरचा एक चौकोन).

तिन्ही सवलती जमिनीवरच्या आहेत. म्हणून सुरुवातीचे सामने बेटांच्या नकाशावर खेळू नका. 'हायलँड' किंवा 'इनलँड' घ्या. समुद्र ओलांडायचा असेल तर या तीनपैकी एकही सवलत तुम्हाला पलीकडे नेणार नाही.

या तीन सवलती तीन वेगवेगळ्या काळांत कामाला येतात, हे लक्षात आलं की अर्धा डाव समजतो. टूल एजमध्ये टॉवर, ब्राँझ एजमध्ये प्रीस्ट, आयर्न एजमध्ये तलवार. एकीनं दुसरीच्या हाती डाव सोपवायचा.

पायरी २ : स्टोन एज

सुरुवात तीन व्हिलेजर, २०० अन्न, २०० लाकूड आणि १५० दगडांनी होते. टाउन सेंटर या मुख्य इमारतीत फक्त चौघांची सोय असते, त्यामुळे पहिल्याच क्षणी दोन गोष्टी करायच्या: एच दाबून टाउन सेंटर निवडायचं, सी दाबून चौथा व्हिलेजर लावायचा, आणि त्याच वेळी एका व्हिलेजरकडून ३० लाकडांचं घर बांधायला घ्यायचं. घर उशिरा झालं तर पाचवा माणूस अडतो, आणि सुरुवातीला अडलेला एक माणूस पुढे फार महागात पडतो.

बोरांची झुडपं दिसली की त्यांच्याजवळ ग्रॅनरी बांधा. झाडं आणि हरणं जिथे जवळजवळ असतील तिथे स्टोरेज पिट. दोन्हींना प्रत्येकी १२० लाकूड लागतं. बोरं आणि शेतीचं धान्य ग्रॅनरीत जमा होतं, शिकारीचं मांस स्टोरेज पिटमध्ये. टाउन सेंटर सगळंच घेतं. हे उलटं करू नका. बोरांशेजारी स्टोरेज पिट बांधलं तर माणसं टोपली घेऊन थेट टाउन सेंटरपर्यंत चालत जातात आणि तुम्हाला कळतही नाही की अन्न एवढं हळू का येतंय.

टाउन सेंटर कधीही रिकामं बसू देऊ नका. चोसनला आर्थिक सवलत एकही नाही, त्यामुळे इथे तुमची शिस्त हीच सवलत. मी नवख्यांना वीस ते चोवीस व्हिलेजर होईपर्यंत टूल एजला हात लावू नका म्हणून सांगतो. टूल एजसाठी ५०० अन्न आणि स्टोन एजच्या कुठल्याही दोन इमारती लागतात. ग्रॅनरी आणि स्टोरेज पिट तुमच्याकडे आहेतच. सुरुवातीचे १५० दगड मात्र खर्च करू नका. ते का, ते पुढच्या पायरीत येतं.

पायरी ३ : टूल एज आणि पहिला टॉवर

'एज ऑफ एम्पायर्स २' खेळून इकडे आलेल्यांना इथे धक्का बसतो. मूळ गेममध्ये टाउन सेंटर बाण मारत नाही. व्हिलेजरना इमारतीत लपवताही येत नाही. भिंतीला दरवाजा नसतो, त्यामुळे स्वतःला पूर्ण कोंडून घेतलं तर बाहेर पडायला स्वतःचीच भिंत पाडावी लागते. शत्रूचे चार कुऱ्हाडवाले लाकूडतोड्यांवर आले तर त्यांना अडवायला तुमच्याकडे आयती अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे टॉवर.

ग्रॅनरीत ५० अन्नात वॉच टॉवरचा शोध लावा. एका टॉवरला १५० दगड लागतात, म्हणजे सुरुवातीला जपून ठेवलेल्या दगडांत पहिला टॉवर खाण न खोदता उभा राहतो. इतरांच्या वॉच टॉवरचा पल्ला पाच घरांचा, तुमचा सात. साध्या बोमनचा बाणही पाच घरंच जातो. तो तुमच्या टॉवरवर नेम धरायच्या आधी दोन घरं तुमच्या माऱ्यात चालत आलेला असतो.

पहिला टॉवर कुठे? टाउन सेंटरला खेटून बांधायचा मोह होतो. तिथे नको. तुमची माणसं जिथे सगळ्यात लांब, एकटी काम करतात तिथे बांधा. बहुतेक वेळा ती लाकडाची किंवा सोन्याची जागा असते. मी सोन्याच्या खाणीजवळचा टॉवर आधी बांधतो, कारण पुढचा सगळा डाव त्याच सोन्यावर उभा राहायचा आहे. टॉवर खाणीच्या आतल्या बाजूला बांधा, म्हणजे तो वाढीव पल्ला तुमच्या माणसांच्या डोक्यावरून पुढे जातो आणि शत्रूला टॉवरपर्यंत यायला खाण ओलांडावी लागते.

दोन-तीन टॉवर पुरे. दगडाची चटक लागलेला खेळाडू आठ टॉवर बांधून बसतो आणि ब्राँझ एजला दहा मिनिटं उशिरा पोचतो. तेवढ्यात समोरच्याचा स्टोन थ्रोअर, म्हणजे दगडफेकीचं यंत्र, येतो. त्याचा पल्ला दहा घरांचा असतो आणि तुमच्या सवलतीसकट सात घरांचा वॉच टॉवर त्याला पुरा पडत नाही.

याच काळात बराक, मार्केट, आणि आर्चरी रेंज किंवा स्टेबल यांपैकी एक बांधून घ्या. बराकला १२५ लाकूड, बाकीच्यांना १५० प्रत्येकी. मार्केट झालं की शेतं करता येतात. एका शेताला ७५ लाकूड लागतं. बोरं संपण्याच्या आधी दोन-तीन शेतं तयार असू द्या. लाकूडतोडीचा आणि सोन्याच्या खाणीचा वेग वाढवणारे शोधही मार्केटमध्येच आहेत, ते दोन्ही घ्या. बराकमध्ये कुऱ्हाडवाल्यांचं अपग्रेड १०० अन्नात उरकून टाका. पुढे तलवारीकडे जायची वाट तिथूनच निघते.

थोडा इतिहास

गेममधल्या चोसनला इतिहासात गोजोसन म्हणतात. 'गो' म्हणजे जुनं. १३९२ ते १९१० राज्य केलेल्या जोसन घराण्याशी गल्लत होऊ नये म्हणून हा उपसर्ग लावतात. गेम आला तेव्हा कोरियन नावं जुन्या लिप्यंतर पद्धतीनं लिहिली जात, म्हणून पडद्यावर च आहे. आज ज लिहितात.

हे राज्य दानगुननं इसवी सनपूर्व २३३३मध्ये स्थापन केलं असं परंपरा मानते. तेराव्या शतकात इर्यॉन या भिक्षूनं लिहिलेल्या 'सामगुक युसा'त त्याची कथा येते: माणूस व्हायची इच्छा असलेली एक अस्वलीण लसूण आणि दवण्याच्या जातीची कडू वनस्पती खाऊन गुहेच्या अंधारात राहते, एकवीस दिवसांनी बाई होते आणि दानगुनला जन्म देते. तिच्याबरोबर गुहेत शिरलेल्या वाघाला हे व्रत झेपत नाही, तो निघून जातो. दक्षिण कोरियात ३ ऑक्टोबरला या स्थापनेची राष्ट्रीय सुट्टी असते. चोसन खेळताना मला ही अस्वलीण नेहमी आठवते.

या राज्याच्या शेवटाबद्दल मात्र भक्कम नोंदी आहेत. इसवी सनपूर्व १०९मध्ये चीनच्या हान सम्राट वूनं जमिनीवरून आणि समुद्रावरून सैन्य पाठवलं. राजधानी वांगगॉमसॉंगनं वेढ्यात बराच काळ तग धरला. अखेर इसवी सनपूर्व १०८मध्ये राजा उगॉचा खून त्याच्याच दरबारातल्या माणसांनी घडवला आणि शहर पडलं. बाहेरून न फुटलेली तटबंदी आतली माणसं फितल्यामुळे गेली. गेममध्ये चोसनकडे लांब पल्ल्याचे टॉवर आणि शत्रूची माणसं फोडणारे स्वस्त प्रीस्ट आहेत. गेम बनवणाऱ्यांनी हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवला होता की नाही, यावर मी काही म्हणत नाही, पण तो माहीत असला की खेळताना त्या टॉवरकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

पायरी ४ : ब्राँझ एज, आणि प्रीस्ट चालवायची कला

ब्राँझ एजला ८०० अन्न लागतं. पोचल्याबरोबर मार्केटमधून 'व्हील'चा शोध घ्या (१७५ अन्न, ७५ लाकूड), व्हिलेजरचा वेग वाढतो आणि त्याचा फायदा शेवटपर्यंत मिळतो. मग २०० लाकडांचं टेंपल.

सगळ्यात जास्त सराव या पायरीला लागतो. प्रीस्ट दहा घरांवरून शत्रूच्या माणसाला आपल्याकडे वळवतो. 'वोलोलो' हा त्याचा जप गेम न खेळलेल्यांनीही ऐकलेला असतो. पण त्याला स्वतःला २५च हिट पॉइंट असतात, तो हळू चालतो, आणि एकाला वळवल्यावर त्याची शक्ती पुन्हा भरेपर्यंत तो निरुपयोगी असतो. म्हणून एकटा प्रीस्ट म्हणजे वाया गेलेलं सोनं. तिघांची तुकडी करा. इतरांना तीन प्रीस्टना ३७५ सोनं पडतं, तुम्हाला २५५. म्हणजे त्यांच्या तिघांच्या किमतीत तुमचे चार येतात आणि वर ३५ सोनं उरतं.

कंट्रोल आणि १ दाबून या तुकडीला क्रमांक द्या, आणि तिची जागा ठरवून टाका: खाणीजवळच्या टॉवरच्या मागे. शत्रू आला की टॉवर त्याला टिपायला लागतो, तो टॉवरकडे किंवा व्हिलेजरकडे वळतो, आणि तेवढ्या वेळात मागचे तिघे आपलं काम करतात. टॉवरचे ते दोन घरांचे जादा बाण इथे खरे कामी येतात, कारण प्रीस्टना हवी असलेली काही सेकंदांची उसंत तेच मिळवून देतात.

लक्ष्य कसं निवडायचं? नवखा खेळाडू तिन्ही प्रीस्ट पहिल्या दिसलेल्या माणसावर लावतो. स्वस्त आणि हलक्या सैनिकांवर, म्हणजे कुऱ्हाडवाले किंवा साधे धनुर्धर यांच्यावर, जप वाया घालवू नका. त्यांना टॉवर आणि तुमचे तलवारवाले बघून घेतील. प्रीस्ट राखून ठेवायचे ते महागड्या आणि संथ माणसांसाठी: अकॅडमीतले हॉप्लाइट (जड चिलखतातले भालाईत), पुढे आयर्न एजमध्ये युद्धहत्ती. हत्तीला १७० अन्न आणि ४० सोनं लागतं, तो तुमच्याकडे येईपर्यंत जप पूर्ण व्हायला भरपूर वेळ मिळतो, आणि आल्यावर तो तुमच्या बाजूनं लढतो. हत्तीवर दोघा-तिघांनी एकदम जप करा, कारण जप कधी फळेल हे थोडं नशिबावर असतं. हॉप्लाइटवर एकेकानं वेगवेगळा करा. रथांवर मात्र प्रीस्ट सोडू नका. या गेममध्ये रथ धर्मांतराला फार चिवट असतात. शत्रूच्या प्रीस्टलाही मोनोथिइझमचा शोध असल्याशिवाय वळवता येत नाही, त्याच्यावर तलवारवालेच पाठवा.

प्रीस्टचं दुसरं काम बहुतेक जण विसरतात. तो आपल्या जखमी सैनिकांना बरं करतो. पुढे २४० हिट पॉइंटचे लीजन आल्यावर हेच काम धर्मांतराइतकंच मोलाचं होतं.

बराकमध्ये याच काळात शॉर्ट स्वोर्ड (१२० अन्न, ५० सोनं) आणि ब्रॉड स्वोर्ड (१४० अन्न, ५० सोनं) घेऊन ठेवा, पण सैनिक पाच-सहाच काढा. ब्राँझ एजमध्ये चोसनचा तलवारवाला इतर कुणासारखाच साधा आहे, त्याला कसलीही सवलत लागू होत नाही.

पायरी ५ : सोन्याचा हिशोब

आयर्न एजसाठी १००० अन्न आणि ८०० सोनं. लीजनच्या अपग्रेडला १४०० अन्न आणि ६०० सोनं. त्याआधी टेंपलमधला फॅनॅटिसिझम हा शोध लागतो, तो नसेल तर लीजनचं बटण दिसतच नाही. पहिल्यांदा खेळणारे इथे हमखास अडकतात आणि बराककडे बघत बसतात. त्यात लाँग स्वोर्ड, आणि स्टोरेज पिटमधली मेटलवर्किंग व मेटलर्जी ही हल्ल्याची दोन अपग्रेड धरली की ब्राँझ एजपासून पुढे साधारण दोन हजार सोनं हाताशी येत राहायला हवं. त्यातून प्रीस्टचे पैसे वेगळे.

म्हणून ब्राँझ एज लागताच किमान सहा ते आठ माणसं सोन्यावर लावा आणि खाणीला खेटून नवं स्टोरेज पिट बांधा. एक खाण संपत आली की दुसरी शोधून तिच्याजवळ टॉवर आधी, माणसं नंतर.

मूळ गेममध्ये लोकसंख्येची मर्यादा ५० आहे, त्यामुळे हिशोब आधीच करावा लागतो. बारा घरं आणि टाउन सेंटर मिळून ही मर्यादा गाठली जाते. मी पंचवीस व्हिलेजर, चार प्रीस्ट आणि उरलेले सगळे तलवारवाले अशी विभागणी करतो. थोड्या जागेत जास्तीत जास्त हिट पॉइंट बसवायचे असतील तर चोसनचा लीजन फार उजवा ठरतो.

आयर्न एजसाठी ब्राँझ एजच्या दोन इमारती लागतात. टेंपल एक झालं. दुसरी म्हणून मी सीज वर्कशॉप बांधतो, २०० लाकडांत. शेवटी शत्रूच्या टॉवरसमोर स्टोन थ्रोअर लागणारच आहेत.

पायरी ६ : आयर्न एज

पोचताच बराकमध्ये लाँग स्वोर्ड. १६० अन्न आणि ५० सोनं. ब्रॉड स्वोर्ड्समनला ७० हिट पॉइंट असतात. या एका छोट्या अपग्रेडनं तुमचे सगळे तलवारवाले १६०वर जातात, म्हणजे इतरांच्या लीजनइतके. समोरचा अजून ६०० सोन्याची जुळवाजुळव करत असतो आणि तुमच्याकडे ५० सोन्यात तेवढेच टिकाऊ सैनिक उभे असतात. चोसनचा सगळ्यात बलवान क्षण मला हाच वाटतो, लीजनपेक्षाही. वाट न बघता याच वेळी दहा-बारा जण काढा आणि दडपण आणायला सुरुवात करा. मैदानावर असलेले सैनिक पुढे लीजनचं अपग्रेड झालं की जागच्या जागी लीजन होतात, त्यामुळे आधी काढलेला एकही माणूस वाया जात नाही.

चिलखताची अपग्रेड टाळू नका. ब्राँझ शील्ड तर आवर्जून घ्या, कारण तलवारवाल्याचा खरा शत्रू बाण आहे. तो पायी असतो आणि घोड्यावरचे धनुर्धर त्याला लांबूनच टिपतात. मेटलर्जीपर्यंतची तिन्ही हत्यार-अपग्रेड घेतली की लीजनचा १३चा हल्ला २० होतो.

चालून जाताना क्रम असा ठेवा: पुढे तलवारवाले, त्यांच्या मागे दोन स्टोन थ्रोअर, त्यांच्याही मागे चार प्रीस्ट. तलवारवाले सैल पसरलेले असू द्या. एका जागी गर्दी केली तर शत्रूचा एक दगड पाच जणांवर पडतो. शत्रूचा कॅटापल्ट (स्टोन थ्रोअरची पुढची पायरी) दिसला की बाकी सगळं सोडून तीन-चार तलवारवाले त्याच्या अंगावर घाला, जवळ गेलेल्या माणसापुढे तो हतबल असतो. आणि समोर अकॅडमीचे सेंच्युरियन आले तर समोरासमोर भिडू नका. त्यांचं चिलखत जाड आणि घाव जबर असतो, तिथे २४० हिट पॉइंटही वितळतात. थोडे मागे या आणि प्रीस्टना पुढे घ्या.

सरावासाठी

पूर्ण डाव खेळण्याआधी एकदा सेटिंगमध्ये सुरुवातीचा काळ आयर्न एज ठेवा, साधनसामग्री 'हाय' ठेवा आणि समोर एकच पर्शियन संगणक घ्या, कारण त्याच्याकडे हत्ती असतात. कठीणपणा 'मॉडरेट' पुरे. टेंपल, चार प्रीस्ट आणि दोन टॉवर एवढंच उभं करा आणि हत्ती यायची वाट बघा. पहिल्या दोन वेळा प्रीस्ट मरतील. बहुतेकदा ते टॉवरच्या पुढे उभे असतात म्हणून. तिसऱ्या वेळी त्यांना आणखी चार घरं मागे उभं करून बघा.